नवव्या दिवशी नाव जातं

१

“परसादाचा कागद पायाखाली येऊ द्यायचा न्हाय, सुंदरा. डब्यात ठेव, आन् आवस आली की तळ्यात सोड. एवढं एक तू सांभाळ, बाकीचं देव सांभाळतो.”

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ईरम्मांचा हा आवाज सुंदरम्माच्या कानात दिवसातून एकदा तरी वाजायचाच. पण शहात्तर सालच्या श्रावणातल्या त्या शनिवारी, ती लेकरं सांभाळायची त्या मिलच्या पाळणाघराच्या दारात नागव्वा मटकन खाली बसली, तेव्हा सुंदरम्माला वाटलं, बाकीचं काही देव सांभाळत नाही, तेही आपल्यालाच बघावं लागतं. वाटलं आणि लगेच तिनं मनातल्या मनात गालावर मारून घेतलं.

“काय झालं गं? होटगीहून कधी आलीस? लेकीला काय झालं, मुलगा की मुलगी?”

“मुलगी. बरी हाय.” नागव्वानं पदरानं तोंड पुसलं. “अक्का, माझं नाव काढलं.”

“कुठनं?”

“हजेरीतनं. गेटावर बिल्ला मागितला तर म्हनले, तुझा बिल्ला न्हाय. नवव्या दिवशीच गेलं म्हनं नाव. माझ्या जागंवर बदलीवाली बसलीया. चौदा वर्सं सूत गुंडाळलं की मी हितं.”

नागव्वा वाइंडिंग खात्यातली. सूत रिळावर गुंडाळणाऱ्या पन्नास बायकांतली एक. लेकीचं पहिलं बाळंतपण म्हणून तिनं बारा दिवसांची रजा मागितली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून रजेची चिठ्ठी सुंदरम्मानंच लिहून दिली होती आणि पाळणाघरातल्या शाईच्या पॅडवर नागव्वाचा अंगठा टेकवून घेतला होता.

“चिठ्ठी दिलीस ना?”

“दिली की. रेवणप्पा मुकादमाच्या हातात. जायच्या आदल्या शनवारी, सुट्टी व्हायच्या आदी.”

मिलचा नियम साधा होता. न सांगता आठ दिवस गैरहजर राहिलं की नवव्या दिवशी नाव जातं. सांगून राहिलं तर जात नाही. आता सांगितलं की नाही सांगितलं, हे ठरवणारी ती वीतभर चिठ्ठी कुठं होती, तेवढंच काय ते कुणाला ठाऊक नव्हतं.

“अक्का, मला आता दुसरं काम कोन देनार? पोरीचं सासर, मी नव्या बाळाला काय घालती ते बगायला बसलंय.”

“तू लेकीकडं जा. बाळाच्या अंगाला तेल लाव,” सुंदरम्मा म्हणाली. “मी बघते.”

आणि हे बोलताना तिला एक नको ती आठवण झाली. आषाढात दुधनीची दानम्मा अशीच ह्याच दारात येऊन बसली होती. तीही वाइंडिंगचीच. तीही म्हणत होती, चिठ्ठी दिली होती. तिची चिठ्ठी तिच्या भाच्यानं लिहिली होती, सुंदरम्मानं पाहिलेली नव्हती. “दिली असती तर अशी वेळ का आली असती, बाई,” असं सुंदरम्मा तिला म्हणाली होती. गावी परत जाताना दानम्मा एवढंच म्हणाली, “कवा घावली माझी चिट्टी, तर कळवशीला का, अक्का?” आणि तिला वाटेला लावायचं म्हणून सुंदरम्मानं म्हटलं होतं, “कळवीन.”

२

युनियनचे पुढारी आणीबाणीच्या त्या दिवसांत एक तर तुरुंगात होते, नाही तर गप्प होते. भिंतीभिंतीवर शिस्तीच्या पाट्या होत्या. तेव्हा सुंदरम्माच निघाली.

रेवणप्पा मुकादम खात्याच्या दारात तंबाखू मळत उभा होता. बोटं चुन्यानं पांढरी.

“रेवणप्पा, नागव्वाची चिठ्ठी कुठं आहे?”

“मला काय इचारताय, अक्का? मला वाचाय येतंय व्हय? आली की मी फुडं देतो.”

“कुणाला?”

“टेबलाव.”

“कुणाच्या टेबलावर? खात्यात टेबलं दोन आहेत. एक कल्लप्पा कारकुनाचं, एक मास्तरांचं.”

रेवणप्पानं तंबाखू ओठाखाली सरकवली आणि छताकडं पाहिलं. “ज्याचं रिकामं असंल त्याच्या.”

सुंदरम्मानं आपल्या पिशवीतला एक कोरा कागद त्याच्या हातात दिला. “हा कागद मी तुम्हाला आत्ता दिला. काय कराल?”

“ह्यो? ह्यो असा.” रेवणप्पानं कागदाची उभी घडी घातली, मग आडवी, बोटानं दाबली, आणि खिशात चुन्याच्या डबीखाली सारली. “ध्यान ऱ्हातंय मग. डबी काडली की कागद दिसतोय.”

“द्या तो परत.”

“काय गमतीची बाई हाय,” रेवणप्पा म्हणाला, पण कागद दिला.

कल्लप्पा कारकून हजेरीपुस्तकात मान घालून बसला होता. त्याच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात एक उभा खिळा होता आणि खिळ्यात टोचलेल्या कागदांची चळत.

“माझ्याकडं चिठ्ठी आली नाही,” विचारायच्या आत तो म्हणाला. “मी आलेला कागद आधी खिळ्यात टोचतो, मग वाचतो. हे बघा, मागच्या दिवाळीपासूनचे आहेत. मोजा हवे तर.”

“रजेच्या चिठ्ठ्या किती आहेत ह्यात?”

“रजेच्या...” कल्लप्पानं चळत चाळली. “चैत्रापासून दोन.”

“पन्नास बायका. पाच महिन्यांत दोघींनीच रजा घेतली? कुणाचं लग्न नाही, कुणी आजारी नाही, कुणाच्या घरी मयत नाही? एवढं सुखी खातं सोलापुरात आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.”

“अक्का, मी कारकून आहे. आलं ते लिहायचं, नाही आलं ते नाही लिहायचं. मास्तरांना विचारा.” मग त्यानं आवाज खाली आणला. “आणि विचारायच्या आधी गेटावरची पाटी बघून या.”

३

ती पाटी सुंदरम्मा रोज बघत होती, पण आज पहिल्यांदा वाचली. खात्याखात्याचा हजेरीचा टक्का खडूनं लिहिलेला. कार्डिंग एक्क्याण्णव. विणकाम नव्वद. वाइंडिंग अठ्ठ्याण्णव. ज्या खात्याचा टक्का वर, त्याला दर महिन्याला हजेरीची ढाल. ज्याचा खाली, त्याच्या मास्तरला मुंबई हापिसचं पत्र. मागच्या वर्षी कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्याच्या मास्तरला अशी तीन पत्रं आली आणि ह्या चैत्रात चौथं आलं ते घरी जाण्याचं.

पाटीखाली पहारेकरी झडती घेत होता. ह्याच्या डब्याचं झाकण उघड, त्याची पिशवी उलटी कर. आत येणाऱ्याची काडेपेटी काढून घ्यायची, कारण कापसाच्या गिरणीत ठिणगी नको. बाहेर जाणाऱ्याचा कागदाचा कपटासुद्धा उलगडून पाहायचा, कारण मागं कुणीतरी कापडाच्या नमुन्यांचे कागद पळवले होते. साहेब असो की झाडूवाला, सुटका नाही. सुटायचा तो एक सुंदरम्माचा प्रसादाच्या कागदांचा अवसेचा डबा. त्याला पहारेकरी हात जोडायचा.

वाइंडिंग खात्याचे प्रमुख विरुपाक्ष मास्तर कपाळाला भस्माचे तीन पट्टे लावून बसले होते. सुंदरम्माला त्यांच्याविषयी आदर होता. सोमवारचा कडक उपास, पहाटे सिद्धेश्वराचं दर्शन, आणि तिथून आणलेला खोबरं-साखरेचा प्रसाद अख्ख्या खात्याला. पाळणाघरातल्या लेकरांसाठी तर आठ-दहा पुड्या वेगळ्या, आपल्या खोलीत स्वतः बांधलेल्या. टेबल आरशासारखं. एक कागद नाही, पायाशी टोपलीसुद्धा नाही. मागच्या भिंतीवर ढाल, ढालीला झेंडूचा हार.

“बसा, सुंदरम्मा. नागव्वाचं ऐकलं. वाईट वाटलं. पण चिठ्ठी माझ्यापर्यंत आली नाही, मी काय करू?”

“रेवणप्पा म्हणतो, टेबलावर ठेवली. कल्लप्पा म्हणतो, आली नाही. तुम्ही म्हणता, आली नाही. मग काय पाय फुटले का हो तिला?”

“तसं समजा.” मास्तर मऊ हसले. “माझ्या टेबलावर काय आहे ते तुम्ही बघताच आहात. माझ्याकडं कचराच होत नाही.”

तिथून ती लेबर ऑफिसर निंबर्गी साहेबांकडं गेली. साहेबांनी पंख्याकडं बघत सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही लिहून दिली हे मान्य. पण लिहिलेली चिठ्ठी म्हणजे दिलेली चिठ्ठी नव्हे. उद्या कुणीही म्हणेल, मी दिली होती.”

“साहेब, नाव गेलेल्या सगळ्याच जणी तसं म्हणतायत, ह्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटून काय करू? बुधवारी नावं काढल्याची यादी मुंबईला जाते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत चिठ्ठी दाखवा, नाव परत घालतो. नाही तर माझा नाइलाज आहे.”

नाइलाज. सकाळपासून भेटलेल्या प्रत्येकाचा नाइलाज होता. एवढ्या नाइलाजांतून चौदा वर्षं राबलेली एक बाई कशी काय काढली गेली, ह्याचाच इलाज सुंदरम्माला सापडेना. घरी येऊन ती पूजेला बसली, तर भस्म लावायचं सोडून बोटांवर चुना शोधत राहिली.

४

सोमवारी तिचाही उपास होता. नऊच्या सुमाराला विरुपाक्ष मास्तर नेहमीप्रमाणं स्वतः आले आणि पुड्या तिच्या ओंजळीत ठेवल्या.

“लेकरांना द्या. आणि मनात काही ठेवू नका.”

“प्रसादावर राग नसतो, मास्तर,” ती म्हणाली.

तिनं वाटी घेतली आणि एकेक पुडी त्यात रिकामी करायला लागली. खोबरं, साखर, भस्माची चिमूट. कागद नेहमीप्रमाणं डब्यात. चौथी पुडी रिकामी केली आणि तिचा हात थांबला.

खोबऱ्याचा ओला तुकडा निळा पडला होता.

कुजलं की काय म्हणून तिनं वास घेतला. वास चांगला होता. उजेडात धरला. निळ्या रंगात बारीक बारीक रेषा होत्या, गोल गोल फिरणाऱ्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा.

तो अंगठा होता.

डब्यात कागद टाकायचा आणि अवसेला डबा पाण्यात रिकामा करायचा, एवढंच ती इतकी वर्षं करत आली होती. प्रसादाचा कागद उलगडून बघावा असं कधी मनातही आलं नव्हतं. “पायाखाली येऊ देणार नाही, अत्ती,” ती सासूबाईंना मनात म्हणाली, “पण आज डोळ्यांखालून घालते.” आणि तिनं पुडीचा कागद सपाट केला, मग डबा पाटावर उपडा केला आणि मागच्या अवसेपासूनचे सगळे कागद एकेक करून उलगडले.

साध्या वहीच्या पानांचे अर्धे अर्धे तुकडे. बरेचसे कोरे. पण नऊ कागदांवर लिहिलेलं होतं, प्रत्येकाखाली निळा अंगठा. त्यांतल्या पाचांवरचं अक्षर परकं होतं. चारांवरचं तिचं स्वतःचं होतं.

‘मी, नागव्वा, वाइंडिंग खातं, लेकीच्या बाळंतपणासाठी होटगीस जात असल्यामुळे...’

सुंदरम्मा ते नऊ कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिली. पाळण्यातलं एक लेकरू रडून रडून आपलं आपणच झोपलं.

५

मंगळवारी चार वाजता निंबर्गी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. रेवणप्पा दाराशी उभा, कल्लप्पा खुर्चीच्या कडेवर, विरुपाक्ष मास्तर शांत. सुंदरम्मानं नऊ कागद टेबलावर मांडले आणि ते कुठं सापडले ते सांगितलं.

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं.

“असतील,” मास्तर म्हणाले. “पुड्या बांधायला मी रद्दी घेतो. कल्लप्पाच्या टेबलावरची. त्यात काय काय आलं, मला काय माहीत? लिहिलेली बाजू मी आत घालतो, देवाच्या कामाला बरं दिसत नाही म्हणून.”

कल्लप्पाचा चेहरा कागदासारखा झाला. “साहेब, मी...”

“थांबा, कल्लप्पा,” सुंदरम्मा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळे सगळ्यांना पुढं वाकून ऐकावं लागलं. “साहेब, कल्लप्पा कागद आधी टोचतो, मग वाचतो. त्याच्या खिळ्यातला कुठलाही कागद काढा, मधोमध भोक आहे. ह्या नऊ कागदांत भोक शोधा.”

साहेबांनी एकेक कागद खिडकीकडं धरला. “नाही.”

“म्हणजे हे कल्लप्पाच्या टेबलावर गेलेच नाहीत. आता घड्या बघा. पुडी बांधायची घडी तिरकी असते, ती आहेच. पण तिच्याखाली आधीची एक घडी आहे. उभी, मग आडवी, दाबून बसवलेली. आणि घडीच्या चौकात पांढरं.” तिनं पिशवीतून शनिवारचा कोरा कागद काढून शेजारी ठेवला. “हा मी रेवणप्पाच्या हातात दिला होता. तीच घडी, तोच चुना.”

“म्हंजे मी दिली व्हती चिट्टी,” रेवणप्पाला एकदम उजेड पडला. “बगा की. मी म्हनत व्हतो की, टेबलाव ठेवली.”

“कुणाच्या टेबलावर, तेवढं तुम्ही म्हणत नव्हता.”

रेवणप्पा पुन्हा छताकडं बघायला लागला. “रोज त्यांच्याच हाताखाली ऱ्हायचंय, अक्का.”

“चिठ्ठी मुकादमाच्या खिशातून निघाली आणि कारकुनाच्या खिळ्यापर्यंत पोचली नाही. मध्ये एकच टेबल राहतं, साहेब.”

“पण का?” निंबर्गी साहेबांनी कपाळ चोळलं. “मास्तर रजा नामंजूर करू शकतात. नाही म्हणून लिहायचं, संपलं.”

“नाही म्हटलं तरी बाई जाणारच. लेकीचं बाळंतपण थांबत नाही. हो म्हटलं तर बारा दिवस तिची जागा रिकामी दिसते आणि पाटीवरचा टक्का घसरतो. चिठ्ठी आलीच नाही म्हटलं तर आठच दिवस घसरतो. नवव्या दिवशी नाव जातं, बदलीवाली बसते, टक्का वर. आठांच्या आत बाई परत आली तर कुणी काही विचारत नाही, म्हणून ह्या नऊजणींत बोंब मारायला आली ती एकटी नागव्वा. आपल्याकडं माणूस सांभाळलं तर मास्तरला पत्र येतं आणि काढलं तर ढाल मिळते. हे मी नाही ठरवलं, साहेब. पाटी ठरवते.”

“बरं, पण चिठ्ठी फाडून टाकायची होती. जाळायची होती. प्रसाद कशाला त्यात?”

“जाळायला काडेपेटी गेटाच्या आत येत नाही. टोपलीत टाकली तर पाठकोरा कागद म्हणून कल्लप्पा उचलतो, म्हणून मास्तरांच्या खोलीत टोपलीच नाही. खिशातून न्यावी तर झडतीत कपटासुद्धा उलगडतात. ह्या मिलमधून न उघडता बाहेर जाणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे प्रसाद. आणि सगळ्यात जास्त पुड्या पाळणाघराला, कारण लेकरांना वाचता येत नाही.” तिनं आपल्या अक्षरातला कागद पुढं सरकवला. “आणि मला येत असून मी वाचलं नाही.”

विरुपाक्ष मास्तरांनी कपाळावरचं भस्म बोटांनी पुसलं.

“पहिली चिठ्ठी मी चैत्रात दाबली,” ते म्हणाले. “कार्डिंगच्या मास्तरला घरी पाठवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तो माझ्यासमोर राहतो. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि तळ्यावर जाऊन बसतो, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.” त्यांनी भस्माचा हात धोतराला पुसला. “फाडवत नव्हत्या हो. वाटायचं, प्रसादाला लागल्या तर पाप थोडं कमी होईल.”

“पाप कमी होत नाही, मास्तर,” सुंदरम्मा म्हणाली. “वाटलं जातं. लेकरांच्या हातावर ठेवलंत तुम्ही.”

निंबर्गी साहेबांनी लेखणीचं टोपण काढलं. “नागव्वाचं नाव उद्या सकाळी परत घालतो. आणि मास्तर, तुमचं पत्र मी आत्ताच टाईपला देतो. असली माणसं मिलमध्ये नकोत.”

सुंदरम्मा उठली होती, ती परत बसली. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच खरा कंटाळा आला.

“परत काढायचंच का, साहेब? तुम्हा लोकांना दुसरं काही येतच नाही का हो? हे गेले की ह्या खुर्चीत नवा मास्तर येईल. तोही पाटी वाचेल. तो बिचारा उपास करणारा नसला तर आम्हाला कागदही सापडायचे नाहीत. पाटी उतरवा.”

“पाटी मुंबईची आहे.”

“मग मुंबईला लिहा की, मंजूर रजा टक्क्यात धरू नका. आणि रजेची चिठ्ठी दोन प्रतींत घ्या, एकीवर सही करून बाईच्या हातात परत द्या. कार्बन मी माझ्या पदरचा देते.”

साहेबांनी टोपण बोटांत फिरवलं. “दोन प्रतींचं आजच काढतो, ते माझ्या हातात आहे. मुंबईला लिहून बघतो.” मास्तरांचं पत्र टाईपला देणार की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. टोपण मात्र लावलं.

“आणखी एक,” सुंदरम्मा म्हणाली. “दुधनीची दानम्मा. आषाढात नाव गेलं. तीही चिठ्ठी दिली म्हणत होती.”

मास्तरांनी मान वर केली नाही. पण नाहीही म्हणाले नाहीत.

“तिची चिठ्ठी ह्यात आहे?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग कुठं आहे?”

६

बुधवारी अमावास्या. सुंदरम्मानं पहाटे लिंगपूजा केली, ईरम्मांच्या तसबिरीला फूल वाहिलं आणि काल मिलमधून आणून कोनाड्यात ठेवलेला डबा खाली घेतला. कोरे कागद त्यात तसेच ठेवले. ह्या अवसेला तळ्याकडं जायचं तिच्या मनात नव्हतं. मागच्या अवसेला ती गेली होती. गुडघाभर पाण्यात उभं राहून, डोळे मिटून, नमस्कार करून तिनं ओंजळीओंजळीनं पुड्या सोडल्या होत्या. शाई पाण्यात किती वेळ टिकते, ते तिला माहीत नव्हतं. अंगठा तर त्याहूनही नाही.

पुरावा नाही म्हटल्यावर नाव परत घालता येणार नाही, असं निंबर्गी साहेब दोनदा म्हणाले होते. तिसऱ्यांदा म्हणाले, तुम्ही स्वतः लिहून दिलंत तर बघतो, पण पाळणाघराच्या बाईनं कागद पाण्यात सोडला हे लिहून दिलं तर तुमच्याच नावाचं काय होईल, त्याचाही विचार करा.

तिनं विचार केला होता. रात्रभर नाही, जेवढा लागला तेवढा. कळवीन म्हटलं होतं, तर जाऊन कळवायचं, आणि कागद आपणच पाण्यात सोडला हे दानम्मासमोर दोन प्रतींत लिहून द्यायचं.

पिशवीत तिनं वहीचे चार कोरे कागद घातले, कार्बन घातला, शाईचं पॅड फडक्यात गुंडाळून घातलं. सकाळची पॅसेंजर होटगीवरूनच पुढं दुधनीला जाते, हे तिनं काल विचारून ठेवलं होतं. नागव्वा तिकडून आली होती, आपण तिकडंच निघालो.

दारातून तिनं आत पाहिलं, तसबिरीकडं. मग चपला पायात सरकवल्या, कडी लावली आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागली.